मागडीचा आडरस्ता

बंगळूरच्या पश्चिम भागातले सायकलवाले रविवारी कुठे जातात असं विचारलं, तर बहुतेकदा एकच नाव ऐकू येतं : मागडी. तुमकूर रस्त्यावर मालट्रकांच्या रांगेत घुसायची हिंमत भल्या पहाटेही होत नाही. म्हैसूरच्या नव्या द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर तर १ ऑगस्ट २०२३ पासून सायकलला मनाईच आहे. या दोन मोठ्या रस्त्यांच्या मधल्या पाचरीत, शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर मागडी आहे. ग्रॅनाइटचे डोंगर, तळी, नाचणीची शेतं, आंब्याच्या बागा, आणि गावागावांना जोडणारे अरुंद डांबरी रस्ते, ज्यांवर पाठीमागून हॉर्न क्वचितच वाजतो. सायकल हाकणाऱ्याला ही शांतता निसर्गाने दिलेली वाटते. मला ती इतिहासाने दिलेली वाटते, आणि तीही बरीचशी हरलेल्यांच्या इतिहासाने.

१६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बंगळूर घेतलं. या मोहिमेत शहाजीराजे होते, आणि शहर जहागीर म्हणून त्यांच्याकडे आलं. यापुढची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते. शहाजीराजांचा दरबार, त्यातले नाना भाषांचे कवी, आणि त्या दरबाराचं वर्णन करणारा जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’, जो राजवाड्यांनी संपादून आपल्यासमोर ठेवला. (या बहुभाषिक पानांवर त्या दरबाराची आठवण काढायला हरकत नसावी.) पण बंगळूर हातातून गेल्यावर केंपेगौडा कुठे गेला, हे आपण सहसा विचारत नाही. तो मागडीला गेला. पेठा, वखारी, व्यापाराच्या वाटा सगळं मागे राहिलं; हातात उरले डोंगर आणि सावनदुर्गाचा प्रचंड खडक.

बंगळूर पुढे १६८७ मध्ये मोगलांच्या हाती लागून तीन लाखांच्या सौद्याने म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेलं. मागडीचं छोटं राज्य त्यानंतरही टिकलं. ते म्हैसूरने जिंकलं १७२८ साली. म्हणजे सुमारे नव्वद वर्षं हे घराणं आडवाटेला राहून तगलं. किल्ल्याला आडवाट सोयीची असते, बाजाराला नसते. डिसेंबर १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने सावनदुर्ग घेतला, आणि मग त्या खडकाचीही कुणाला गरज उरली नाही.

पुढचं सगळं या आडवाटेला धरूनच झालं. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली ती म्हैसूरकडे आणि तुमकूरकडे. मागडी गावात ती आजही नाही. तुमकूर रस्त्यावर पीण्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली, म्हैसूर रस्त्यावर बिडदीत मोटारींचा कारखाना आला. मधल्या पट्ट्याला आणखी एक गोष्ट आडवी आली, ती म्हणजे पाणी. अर्कावती आणि कुमुद्वती यांच्या संगमावर तिप्पगोंडनहळ्ळीचा तलाव १९३३ मध्ये पुरा झाला. कावेरीचं पाणी येईपर्यंत बंगळूरची तहान मुख्यतः त्यावर भागत होती. त्याच्या पाणलोट क्षेत्रात बांधकामावर आणि कारखान्यांवर २००३ मध्ये सरकारने बंधनं घातली. तलावात पाणी किती येतं हा वेगळा, दुःखाचा विषय आहे. पण त्या आदेशामुळे काही रस्ते रिकामे राहिले हे खरं. बंधनं सैल करा म्हणणारेही तेव्हापासून कमी नाहीत.

शांत रस्त्यांसाठी युरोपातले सायकलवाले स्पेनच्या अंतर्भागात जातात, तेरुएलसारख्या प्रांतांत. तिथली शांतता गावं ओस पडल्यामुळे आलेली आहे. तरुण माणसं माद्रिद-बार्सिलोनाला गेली, शाळा बंद झाल्या. त्या भागाला स्पॅनिश लोक आता ‘रिकामा केलेला स्पेन’ म्हणतात. मागडीचं तसं नाही. इथे माणसं आहेत, गाई आहेत, सकाळ-संध्याकाळ दूध सोसायटीपुढे कॅन घेऊन उभी असलेली रांग आहे. नाहीत त्या मोटारी. दहाच्या सुमाराला हे रस्ते शाळेच्या पोरींचे होतात. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून सरकारी शाळांतल्या आठवीच्या मुलांना सायकली द्यायला सुरुवात केली, तेव्हा हायस्कूल दुसऱ्या गावी असणाऱ्या कितीतरी मुलींची शाळा त्यामुळे सुटली नाही. तिघी-चौघी रस्ताभर पसरून, गप्पा मारत जातात. गिअरच्या महागड्या सायकलीवरून आलेल्या शहरी माणसाला त्या वाट देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्याला शांतता रविवारपुरती हवी असते. त्यांना ती रोज लागते, नाहीतर घरचे सायकल काढू देणार नाहीत.

याच तालुक्यात हुलिकल ते कुदूर हा साडेचार किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना वडांची रांग. ही झाडं तिम्मक्का आणि त्यांचे पती चिक्कय्या यांनी लावली. दोघं मजुरी करणारी, मूलबाळ नाही. पहिल्या वर्षी दहा रोपं, मग पंधरा, मग वीस, असं करत ३८४-३८५ वड झाले. रोपं पावसाळ्याच्या तोंडावर लावायची, गुरांनी खाऊ नयेत म्हणून काटेरी फांद्यांचं कुंपण करायचं, आणि उन्हाळ्यात लांबून घागरींनी पाणी आणून घालायचं. झाडांच्या रांगेला कन्नडमध्ये ‘सालुमर’ म्हणतात. त्यावरून त्या सालुमरद तिम्मक्का झाल्या. वडाखाली आल्यावर ऊन एकदम कमी होतं, पाय आपोआप सैलावतात. हे सायकलवर जितकं कळतं तितकं गाडीत बसून कळणार नाही, कारण गाडीत हा सगळा रस्ता पाच-सहा मिनिटांत संपतो.

२०१९ मध्ये तिम्मक्कांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी बागेपल्ली-हलगूर रस्त्याच्या रुंदीकरणात हे वड जाणार अशी वेळ आली. शंभरी ओलांडलेल्या या बाईंना मुख्यमंत्र्यांकडे दाद मागावी लागली, तेव्हा झाडं न तोडता मार्ग काढण्याचं सरकारने मान्य केलं. वड वाचले. पण रस्त्याकडेच्या बाकीच्या चिंचा, करंज आणि आंबे लावणाऱ्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. त्यांच्यासाठी दाद मागायला कोण जाणार? रुंदीकरणाची मोजणी आली की बुंध्यांवर रंगाने आकडे पडतात. असे आकडे पडलेली झाडं पुढच्या खेपेला असतील की नाही, हे धरून चालता येत नाही.

२०२५ मध्ये रामनगर जिल्ह्याचं नाव बदलून बंगळूर दक्षिण केलं गेलं. मागडी तालुका याच जिल्ह्यात येतो. केंपेगौडाच्या घराण्याला जे शहर परत घेता आलं नाही, त्याचं नाव आता त्यांच्या राजधानीवर आलं आहे. नावापाठोपाठ प्लॉटांच्या पाट्याही आल्या. मागडीकडे जाताना पहिले काही किलोमीटर त्या डावी-उजवीकडे सतत दिसतात, मग विरळ होतात, मग एखादीच. कुदूरच्या फाट्यावर वळलं की अजून तरी त्या दिसत नाहीत. दिसतात ते दुधाचे कॅन, आणि साडेनऊनंतर दप्तरं लटकवलेल्या सायकली.