डच ‘साउकर’ आणि राहुरीची साखर

गळीत हंगामात राहुरीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. अशाच एका हंगामात डच शब्दकोश चाळताना मला ‘साउकर’ हा शब्द दिसला. अर्थ : साखर! मी लगेच टिपण लिहिलं, की वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, म्हणजे शब्द मराठीतून तिकडे गेला. गाइडनी एकच प्रश्न विचारला, “तारखा बघितल्या का?”

तुम्हीही बघा. डच कंपनी स्थापन झाली १६०२ मध्ये, वेंगुर्ल्याची वखार १६३७ ची. पण ‘सूकर’ हा शब्द मध्ययुगीन डचमध्ये, म्हणजे १५०० च्या आधीच होता. माझा दावा तिथेच पडला.

मग ध्वनी तपासायचे. जुन्या डचमधल्या दीर्घ ‘ऊ’चा पुढे ‘आउ’सारखा उच्चार झाला. ‘हूस’चं ‘हाउस’ (घर), ‘मूस’चं ‘माउस’ (उंदीर), तसंच ‘सूकर’चं ‘साउकर’. एका शब्दावरून नियम ठरत नाही. असे अनेक शब्द सापडले तरच ठरतो.

आता मागे चला. डचच्या आधी जुनी फ्रेंच ‘सुक्र’, इटालियन ‘त्सुक्केरो’, अरबी ‘सुक्कर’, फारसी ‘शकर’, आणि मुळाशी प्राकृत ‘सक्खरा’, संस्कृत ‘शर्करा’. शर्करा म्हणजे आधी खडे, वाळू. खडीसाखर डोळ्यांसमोर आणा. अरबांनी ऊस सिसिली, स्पेनपर्यंत नेला आणि मालाबरोबर नावही गेलं.

आपली ‘साखर’ मात्र त्या वाटेवरची नाही. ‘हत्थ’चा ‘हात’, ‘सत्त’चं ‘सात’, तशी ‘सक्खरा’ची ‘साखर’ झाली. म्हणजे साखर आणि साउकर ही चुलत भावंडं, आई-लेक नव्हेत.

एक सापळा अजून आहे. डच ‘माउस’ आणि संस्कृत ‘मूषक’ हेही सारखे दिसतात. पण ते कुणी कुणाकडून घेतलेले नाहीत. दोन्ही भाषांना ते एकाच प्राचीन पूर्वज भाषेकडून वारशाने आले. साम्य सारखंच, इतिहास मात्र वेगळा.

म्हणून असा शब्द हाती लागला की तीन प्रश्न विचारा : पहिली नोंद कधीची? ध्वनिबदल इतर शब्दांतही दिसतो का? आणि मधला प्रवास कुणी घडवला? उत्तरं मिळेपर्यंत साम्याला पुरावा म्हणू नका. माझं ते टिपण मी अजून जपून ठेवलंय. नवा शब्द सापडला की आधी ते वाचतो.