सड्यावरच्या रेघा

कोकणातल्या गावाचा सडा म्हणजे गावाच्या माथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं माळरान. पावसात त्यावर गवत नि रानफुलं येतात, एरवी उरतो तो पाय पोळणारा काळा कातळ. भाताचे मळे खाली, आंबा-काजू उतारावर, आणि सडा गुरांना. त्यामुळे तिथे काय आहे, हे गावच्या खोतापेक्षा गुराख्याला जास्त ठाऊक असायचं.

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर एक हत्ती कोरलेला आहे. आकार सुमारे 18 मीटर गुणिले 13 मीटर. त्याच्याजवळ उभं राहिलं तर तो दिसतच नाही. पायाखाली नुसत्या खाचा दिसतात, आणि थोडं मागे सरून, उन्हं कलती असताना पाहिलं की सोंड, पाठ, पाय हळूहळू जुळून येतात. त्याच्या पोटात आणि आजूबाजूला मासे, पक्षी, जनावरं अशी सत्तरच्या वर छोटी चित्रं आहेत. अख्खं समुद्रकाठचं जग कुणीतरी एका हत्तीत भरून ठेवलं आहे.

हे कुणी आणि कधी कोरलं, याचं उत्तर दगड सहजासहजी देत नाही. दगडातल्या खाचेचं वय थेट मोजता येत नाही. पण काही सड्यांवर गेंडा आणि पाणघोडा यांच्या आकृती ओळखल्या गेल्या आहेत, आणि हे प्राणी आजच्या कोकणात नाहीत. शेतीच्या खुणा मात्र या चित्रांत जवळपास नाहीतच. या आणि अशा पुराव्यांवरून राज्याच्या पुरातत्त्व विभागाने यातल्या जुन्या चित्रांचा काळ सुमारे 12,000 वर्षांपूर्वीचा मानला. शिकारीवर आणि मासेमारीवर जगणाऱ्या माणसांची ही कामगिरी असावी.

अशी चित्रं असतात एवढं अभ्यासकांना आधीपासून माहीत होतं. रत्नागिरीजवळ निवळीची आकृती नोंदली गेली होती. सिंधुदुर्गात हिवाळे इथली चित्रं 2001 मध्ये सतीश लळीत यांनी उजेडात आणली. त्याच्याही आधी, 1993 मध्ये, गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळच्या कातळावरची चित्रं पुरातत्त्व खात्यापर्यंत पोचली, तीही स्थानिक माणसांनी वाट दाखवली म्हणून. पण ही सगळी सुटी सुटी बेटं होती. एका सड्याचा दुसऱ्याशी काही संबंध असेल, असं तेव्हा फारसं कुणी धरलं नव्हतं.

तो संबंध जोडला रत्नागिरीतल्या हौशी माणसांनी. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी 2012 च्या सुमारास पद्धतशीर शोध सुरू केला. पावसाळा सोडून सुट्टीचे दिवस सड्यांवर जाऊ लागले. हजारो किलोमीटर पायपीट झाली. या मंडळींनी चित्रांना नावही नेमकं दिलं: कातळ-खोद-चित्र. 'कातळशिल्प' हा शब्द बोलण्यात रुळला आहे, पण इथे मूर्ती घडवलेली नाही, रेघ खोदलेली आहे, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे.

शोधाची त्यांची रीत मात्र सांगण्यासारखी आहे. त्यांनी शाळा गाठल्या. मुलांना सांगितलं, घरी जा आणि आजी-आजोबांना विचारा, सड्यावर कुठे रेघा, चित्रं, बावल्या पाहिल्यात का? लहानपणी गुरांमागे फिरलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी नातवंडांच्या तोंडून अशा बाहेर आल्या. पुढे लोक आपणहून फोटो पाठवू लागले. बरीचशी चित्रं मातीखाली बुजलेली होती, ती हातांनी मोकळी करावी लागली. जिथे लोकांना ती ठाऊक होती, तिथे काही गावांत त्यांची पूजाही होत असे. सिंधुदुर्गात कुडोपीच्या चित्रांच्या जागेला तर लोक आधीपासूनच 'बावल्यांचं टेंब' म्हणत आले आहेत. सरकारी दप्तरात ज्याची ओळही नव्हती, त्याला गावाच्या बोलीत नाव होतं. आज चित्रांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली आहे.

सापडणं ही अर्धीच गोष्ट. सडा बहुतेक ठिकाणी खाजगी मालकीचा, आणि सातबाऱ्यावर एकेका तुकड्याला दहा-वीस नावं. त्यातले निम्मे हिस्सेदार मुंबईला. जोवर त्या जमिनीला मोल नव्हतं तोवर चित्रं सुखात होती. मग चिरेखाणी आल्या. यंत्राने जांभा कापून त्याचे चिरे ट्रकने घराघरांच्या बांधकामावर जाऊ लागले. ज्या कातळावर हत्ती कोरला तोच हा दगड. आंबा-काजूच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे होऊ लागले, रस्ते रुंदावले. एखादी जागा पंधरा दिवसांत नाहीशी व्हायला कुणाचा दुष्टपणा लागत नाही, माहिती नसणं पुरतं.

म्हणून या मंडळींनी पहिलं काम केलं ते जमीनमालकांशी बोलण्याचं. चित्रांभोवती चिऱ्यांचे कठडे, गडगे उभे राहिले. उक्षीत गावाच्या सहभागातून तिथल्या हत्तीभोवती गोल कठडा झाला, त्यामुळे चित्रावर पाय न देता ते वरून पाहता येतं. ज्या जांभ्याच्या हव्यासाने चित्रं धोक्यात आली, त्याच जांभ्याच्या चिऱ्यांनी ती राखली जात आहेत. सरकारनेही मग लक्ष घातलं. अभ्यासासाठी 24 कोटी रुपये जाहीर झाले, आणि 2022 मध्ये कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, कुडोपी आणि गोव्यातला फणसाईमळ अशा नऊ जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेल्या.

यादीत नाव आलं म्हणजे जागा सुटली असं नाही. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध उभा माणूस कोरला आहे. त्याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाची आखणी झाली आणि एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षण सुरू होताच गावकरी, त्यातही बायका, रस्त्यावर आडव्या पडल्या. त्या आंदोलनाची कारणं अनेक होती: शेती, मासेमारी, पाणी, घरं. कातळावरची चित्रं त्यांतलं एक. प्रकल्प हवा की नको यावर मतं वेगळी असू शकतात. पण सड्याची पुरातत्त्वीय पाहणी पुरी झाल्याशिवाय तिथे यंत्र नेऊ नये, यावर दुमत असायला नको.

शिमग्याला आणि गणपतीला मुंबईहून हजारो चाकरमानी गावी उतरतात. सातबाऱ्यावर ज्यांचं नाव आहे त्यांनी यंदा एक दिवस सड्यासाठी ठेवावा. गावातल्या एखाद्या जुन्या गुराख्याला सोबत घ्यावं, उन्हं कलल्यावर वर जावं, चप्पल काढून कातळ पाहावा. रेघा दिसल्या तर त्यात खडू किंवा रंग भरू नये, फोटो काढावा, जागा लिहून ठेवावी आणि ग्रामपंचायतीला नि पुरातत्त्व विभागाला कळवावं. आणि चिरेखाणीच्या कागदावर सही मागायला कुणी आलं, तर त्याआधी हे जरूर करावं.