बहुपदीची कोटी : भास्कराचार्यांपासून बंगळूरपर्यंत

बहुपदीतील चलाचा सर्वांत मोठा घातांक म्हणजे तिची कोटी. कोटी १ असल्यास बहुपदी रेषीय, २ असल्यास वर्ग, ३ असल्यास घन. शालेय पुस्तकातील या वर्गीकरणामागे शतकांचा अनुभव आहे: कोटी वाढते तसतसे समीकरण सोडवणे अवघड होते.

११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ रचणाऱ्या भास्कराचार्यांना वर्गसमीकरणाची सर्वसाधारण रीत अवगत होती. तिसऱ्या व चौथ्या कोटीची काही समीकरणे मात्र त्यांनी त्या-त्या उदाहरणापुरत्या युक्तीनेच सोडवली. एकाचे उत्तर ५, दुसऱ्याचे ११. या दोन्ही कोटींच्या सर्वसाधारण रीती १५४५ मध्ये इटलीतील कार्दानोच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाल्या.

पाचव्या कोटीपाशी ही वाट खुंटली. चार मूलभूत क्रिया आणि मुळे काढणे एवढ्याच साधनांनी पाचव्या कोटीची सर्व समीकरणे सोडवणारे सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेलने १८२४ मध्ये सिद्ध केले. तरीही ‘क्षचा पाचवा घात उणे २’ या बहुपदीचे मूळ सहज लिहिता येते. ‘क्षचा पाचवा घात उणे क्ष उणे १’ हिचे तसे लिहिता येत नाही. कोटी एकच, स्वभाव भिन्न! हा भेद मुळांच्या परस्पर अदलाबदलीत दडला आहे, हे फ्रान्सच्या गाल्वाने दाखवले.

अदलाबदलींचा क्रम उलटला तरी फळ तेच राहते, अशा बहुपदींना आबेलचे नाव मिळाले. परिमेय सहगुणकांच्या अशा बहुपदींची मुळे १ या संख्येच्या निरनिराळ्या घातमुळांतून घडवता येतात. इतर संख्याक्षेत्रांसाठी हे काम कोणत्या संख्या करतील? हिल्बर्टने १९०० मध्ये मांडलेल्या २३ प्रश्नांपैकी हा बारावा.

अकोल्यात जन्मलेले महेश काकडे यांनी बंगळूरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पदवीचे शिक्षण घेतले. आज ते तेथीलच भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक आहेत. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे समित दासगुप्ता यांच्यासह २०२१ मध्ये त्यांनी ‘सर्वथा वास्तव’ संख्याक्षेत्रांसाठी अशा संख्यांचे सूत्र सिद्ध केले. परिमेय संख्यांत २ चे वर्गमूळ मिळवून होणारे क्षेत्र हे त्यांचे साधे उदाहरण. काकडे यांना २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार लाभला.

हे उत्तर हिल्बर्टला अपेक्षित असलेल्या फलांच्या मार्गाने नव्हे, तर ‘पी-ॲडिक’ संख्यांच्या मार्गाने आले. उरलेल्या क्षेत्रांचा प्रश्न अद्याप खुला आहे. मुळे किती, हे कोटी सांगते. ती कशी घडतात, याचा शोध चालूच आहे.