आजीचे गाठोडे

आपल्या चळवळीचा इतिहास मंचावरून सांगितला जातो. परिषद कुठल्या साली, अध्यक्ष कोण, ठराव किती. हे पाठ पाहिजेच. पण मंचाखाली लेकरू मांडीवर घेऊन ज्या बाया बसल्या होत्या त्यांची हजेरी कोणी घेतली? त्या तिथवर कुठल्या वाटेने आल्या, हे कोणी विचारले?

दोस्तहो, नागपूरच्या एका आजीचे सांगतो. तिची नात कौसल्या बैसंत्री हिने ते ‘दोहरा अभिशाप’ या आत्मकथनात लिहून ठेवले. मायबोली मराठी, पण पुस्तक हिंदीत, १९९९ साली. लिहिणारीने तेव्हा सत्तरी ओलांडली होती. त्या आजीला आपणही आजीच म्हणू.

लहानपणी लग्न, लहानपणीच रंडकी. मग पाट लावला. दुसऱ्या नवऱ्याच्या घरी पैसा होता, सवत होती आणि मारही होता. एक दिवस आजीने लेकरे घेतली आणि घर सोडले. पायी निघाली नागपूरकडे. वाटेतच एक लेकरू गेले. त्याला माती दिली आणि बुढी पुढे चालली. परत फिरली नाही. नागपुरात बांधकामावर विटा-माती वाहिली, त्या मजुरीवर लेकरे वाढवली. म्हातारपणीही कोणापुढे हात पसरला नाही. स्वतःच्या मयतीचे सामानसुद्धा तिने आपल्या कमाईतून जमवून ठेवले होते. मरणाचेही कोणाला कर्ज नको! याला मी स्वाभिमान म्हणतो. हा शब्द आपण भाषणात दहादा वापरतो, आजीने तो गाठोड्यात बांधून ठेवला होता.

तिची लेक म्हणजे कौसल्याची आई. वस्ती खलासी लाइन, नवराबायको दोघेही एम्प्रेस मिलमध्ये. ही मिल टाटांनी १८७७ साली सुरू केली. पोटासाठी खेड्यातला महारवाडा नागपुरात आला त्यात या मिलच्या भोंग्याचा हात मोठा. आज भोंगा नाही, मिल नाही, त्या जागेवर मॉल उभा आहे. पण त्या काळी बाईच्या हाती स्वतःचा पगार पडला तो गिरणीतच. फुकट नाही पडला. तान्ह्या लेकराला अफूची गोळी चाटवून पाळीवर जावे लागे, अशी गिरणगावातल्या बायांची गत होती.

या आईने कस्तुरचंद पार्कवर बाबासाहेबांचे भाषण ऐकले. पोरगा शिकवा तशी पोरगीही शिकवा, हे तिने उचलले. घरी पोरीच जास्त. लोक नावे ठेवत. काहून शिकवता पोट्टीले, चूल कोण पेटवीन? तिने ऐकले नाही. फी भरायला पैसे नसत, तरी ती मागे हटली नाही.

वस्तीत पोरी मागायला एक बाई दारोदार येई. जाईबाई चौधरी. ही उमरेडकडची. कामठीच्या स्टेशनवर हमाली करणारी पोर. एका मिशनरी बाईने तिला अक्षर शिकवले आणि मास्तरीण केले. जात कळल्यावर सवर्ण पालकांनी पोरे काढून घेतली, नोकरी गेली. जाईबाई रडत बसली नाही. १९२२ साली नागपुरात तिने संत चोखामेळा कन्याशाळा काढली. डोक्यावरचे ओझे उतरवून तिने अख्ख्या वस्तीच्या पोरी उचलल्या. कौसल्या त्यातलीच एक.

आता १९४२ सालचा जुलै महिना घ्या. नागपूर, मोहन पार्क. अखिल भारतीय दलित परिषद. २० जुलैला महिला परिषद, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया. ठराव झाले ते नीट वाचा. बायकोला काडीमोडाचा हक्क पाहिजे. एका नवऱ्याने अनेक बायका करू नयेत, कायदा बदला. गिरणी, विडी कारखाना, नगरपालिका, रेल्वे इथे राबणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, महिनाभर हक्काची रजा, इजा झाली तर भरपाई, २० वर्षे नोकरी झाल्यावर महिना १५ रुपये पेन्शन.

हे ठराव कोणा पंडिताच्या डोक्यातून पडले काय? सवत आणि मार सोडून आजी निघाली होती, तेव्हा तिच्याजवळ ना कायदा होता ना ठराव. होते फक्त पाय. काडीमोडाचा ठराव तिने कितीतरी आधी पायांनी मंजूर केला होता. रजेचा ठराव मिलच्या दारातून आला. आणि त्याच जुलैत बाबासाहेबांनी व्हाईसरॉयच्या कौन्सिलात मजूर खाते हाती घेतले. म्हणजे घरातले दुःख मंचावर गेले, मंचावरून कायद्याकडे निघाले. वाट दोन्ही बाजूंनी चालली. आपण एकच बाजू शिकवतो.

आणि कडू गोष्टही सांगितली पाहिजे. शिकलेली, चळवळीत वावरलेली कौसल्या लग्नानंतर घरात पुन्हा त्याच छळाला सामोरी गेली. अभिशाप दुहेरी, एक जातीचा, एक बाईपणाचा. नवऱ्यापासून वेगळी झाली ती म्हातारपणाकडे झुकताना. आजीचे गाठोडे नातीच्या कामी आले. आपल्या घरात निळ्या झेंड्याखाली कोणाचा आवाज दबतो, हे ज्याने त्याने पहावे.

कार्यकर्ते मित्रांनो, १९४२ ला दहा वर्षांची असलेली पोर आज नव्वदीच्या पार आहे. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर आईच्या कडेवर असलेलीही सत्तरी गाठून बसली आहे. प्रत्येक वस्तीत अशा बुढ्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या घर त्यांनी धरून ठेवले. त्यांच्याजवळ कागद नाही, फोटो नाही. जयंतीला त्यांना हार घालता, तो घाला. पण एक दिवस वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. कोणत्या गावाहून आली, काहून निघाली, पहिली मजुरी किती, पोरीची फी कुठून आणली, हे विचारा. सालासकट लिहा, नाव तिचे स्वतःचे लिहा, नवऱ्याचे नको. आणि आमच्याकडे पाठवा. जागा आम्ही करू.

जयभीम.