लोझानचा करार : माणसांची अदलाबदल

१९१८ च्या ऑक्टोबरात तुर्कस्तानने शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा पहिले महायुद्ध त्या भूमीपुरते संपले असे जगास वाटले. परंतु १९१९ च्या मे महिन्यात ग्रीक सैन्य स्मर्ना बंदरात उतरले आणि पुन्हा तीन वर्षे रक्तपात चालला. १९२२ च्या सप्टेंबरात, ग्रीकांच्या पराभवापाठोपाठ स्मर्ना जळाले व लक्षावधी निर्वासित ग्रीसच्या किनाऱ्यास लागले.

या पार्श्वभूमीवर ३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडातील लोझान येथे उभय राष्ट्रांनी एक करार केला. कलमे वाचणे हा आमचा नित्याचा व्यवसाय; तरीही याचे पहिलेच कलम वाचताना मन थबकते. तुर्कस्तानातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि ग्रीसमधील मुसलमान यांची सक्तीने अदलाबदल व्हावी, व सरकारी परवानगीवाचून कोणी परतू नये, असे ते सांगते. इस्तंबूलचे ग्रीक व पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले गेले. ग्रीसमध्ये सुमारे १२ लक्ष माणसे गेली. त्यांतील बहुतेक आधीच पळून आली होती, कराराने त्यांची परतीची वाट बंद केली. तुर्कस्तानात साडेतीन ते चार लक्ष आली.

कसोटी एकच : धर्म. भाषा कोणी विचारली नाही. अनातोलियातील करामानली ख्रिस्ती तुर्की बोलत आणि ती ग्रीक लिपीत लिहीत. त्यांना ग्रीसला धाडले. क्रीटमधील मुसलमानांची मायबोली बहुधा ग्रीक. ते तुर्कस्तानात गेले. दोघेही ‘स्वदेशी’ पोहोचून परके ठरले.

आठव्या कलमाने प्रत्येक समाजास आपल्या धर्मस्थानांची जंगम मालमत्ता बरोबर नेण्याची मुभा दिली. सोळाव्या शतकात कुशस्थळीच्या मंगेशास प्रियोळास नेणाऱ्यांच्या वंशजांना या सवलतीचे मोल सांगावयास नको, आणि तिची मर्यादाही. देव बरोबर येतो. गावची वेस येत नाही.

या करारामुळे पुढील कत्तली टळल्या, असे त्याचे समर्थक म्हणतात. ते सर्वस्वी निराधार नव्हे. परंतु ज्याची संमती नाही त्यास साधा खरेदीखताचा करारही बांधत नाही. येथे करार दोन सरकारांचा, आणि बंधन पंधरा लक्षांवर. युद्धोत्तर तहाची परीक्षा करताना, रेघ कोठे ओढली एवढेच न पाहता, त्या रेघेवरील माणसास कोणी विचारले होते काय, हे वाचकांनी आधी पाहावे, इतकीच आमची विनंती आहे.