करवतीच्या पात्याची जागा: साठवणुकीच्या एका पद्धतीचा इतिहास

लाकूडकामाचा इतिहास बहुधा तयार वस्तूंच्या, म्हणजे तुळया, दारे, जहाजे आणि कपाटे यांच्या आधारे लिहिला जातो. ज्या अवजारांनी त्या वस्तू घडल्या, ती अवजारे काम थांबल्यावर कोठे आणि कशी ठेवली जात होती, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम मानला जातो. प्रत्यक्षात साठवणुकीची पद्धत ही अवजाराची रचना, त्याची किंमत आणि त्याला असलेला धोका या तिन्हींवरून ठरत आलेली आहे. आजच्या घरगुती सुतारशाळेत टेबल सॉची, म्हणजे सपाट मेजाच्या मधल्या फटीतून वर येऊन फिरणाऱ्या चक्री करवतीची, सुटी पाती खाचांच्या कपाटात एकेकटी ठेवण्याची जी रीत आढळते, ती अशाच एका दीर्घ क्रमातून घडलेली आहे.

या क्रमाचा एक जुना पुरावा स्वीडनच्या गॉटलंड बेटावर मिळतो. तेथील मास्टरमिर या पाणथळ जमिनीत 1936 साली नांगरणी चालू असताना ओक लाकडाची एक पेटी सापडली. ती व्हायकिंग काळातील, साधारणपणे इसवी सन 1000 च्या सुमाराची मानली जाते आणि तिच्यासह मिळालेल्या 200 हून अधिक वस्तूंमध्ये लोहाराच्या अवजारांबरोबर लाकूड कापण्याच्या करवतीही आहेत. त्या काळी लोखंड दुर्मिळ आणि मौल्यवान होते, कारागीर कामाच्या शोधात फिरत असे आणि म्हणून साठवण म्हणजे मुख्यतः सांभाळून वाहून नेण्याची सोय होती. कोणते अवजार कोणत्या कप्प्यात राहावे, हा विचार पुढे स्थिर कार्यशाळांबरोबर वाढला.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये हा विचार पूर्ण रूपाला आलेला दिसतो. केंट परगण्यातील चॅथम येथील बेंजामिन सीटन या तरुण सुतारासाठी त्याच्या वडिलांनी डिसेंबर 1796 मध्ये लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएल यांच्याकडून अवजारांचा संपूर्ण संच विकत घेतला आणि 1797 मध्ये सीटनने त्या संचासाठी स्वतः पेटी बनवून अवजारांची यादीही लिहून ठेवली. ही पेटी आज रोचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात आहे. त्या काळच्या इंग्लिश पेट्यांमध्ये करवतींसाठी झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा पेटीत उभ्या खाचांमध्ये स्वतंत्र जागा राखलेली असे. त्यामागचे कारण दातांच्या रचनेत होते: हातकरवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, जेणेकरून काप पात्यापेक्षा रुंद पडावा आणि पाते लाकडात अडकू नये, हे दात इतर लोखंडावर आपटले तर त्यांची मांडणी बिघडते, आणि पातळ पाते एकदा वाकले की त्याचा काप सरळ जात नाही. तरीही बोथट झालेला दात कानशीने पुन्हा घासता येत असल्यामुळे चूक सुधारण्यास वाव होता, आणि साठवणुकीचा मुख्य शत्रू गंज हाच राहिला.

चक्री करवत आली तेव्हा हे गणित बदलू लागले. साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांनी 1777 साली मिळवलेल्या इंग्लिश पेटंटात गोल करवतीचा उल्लेख आहे. त्यामुळे अमेरिकेतील शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट यांनी 1813 च्या सुमारास ही करवत प्रथम शोधली, ही लोकप्रिय समजूत कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोर्ट्समथच्या नौदल गोदीत मार्क ब्रुनेल यांनी आखलेली आणि हेन्री मॉड्स्ले यांनी घडवलेली यंत्रे जहाजांच्या दोरांसाठी लागणाऱ्या कप्प्या तयार करू लागली, तेव्हा वाफेवर चालणाऱ्या चक्री करवती मोठ्या उत्पादनाच्या साखळीचा भाग झाल्या.

पुढे लाकूड चिरण्याच्या गिरण्यांमध्ये पाती मोठी होत गेली आणि त्यांची देखभाल हा स्वतंत्र व्यवसाय झाला. वेगाने फिरणाऱ्या पात्याची कडा घर्षणाने तापून प्रसरण पावते आणि पाते लहरू लागते. म्हणून कुशल कारागीर हातोडीने पात्याचा मधला भाग मोजून ठोकून ताणून घेत, जेणेकरून ठरलेल्या वेगाला पाते सपाट राहावे. असे ताण दिलेले पाते कसेही टेकवून ठेवले की त्या मेहनतीवर पाणी पडण्याचा धोका असे, आणि म्हणून मोठ्या गिरण्यांत धार लावण्याच्या वेगळ्या खोलीतच पाती ठेवली जाऊ लागली. कॅलिफोर्नियातील नेथन स्पॉल्डिंग यांनी 1861 मध्ये वक्र खोबणीत बसणाऱ्या सुट्या दातांचे पेटंट घेतले, तेव्हा एक दात मोडल्यास तेवढाच बदलण्याची सोय झाली.

ही करवत घरात आली ती विसाव्या शतकात, लहान विजेच्या मोटारी स्वस्त झाल्यानंतर. मिलवॉकी येथे हर्बर्ट टॉट्झ यांनी 1919 मध्ये सुरू केलेल्या डेल्टा या कारखान्याने छोट्या कार्यशाळांसाठी यंत्रे बनवली, आणि त्यांची 1939 ची युनिसॉ ही 10 इंची पात्याची करवत या प्रकाराचा आदर्श ठरली. घरच्या कारागिराकडे गिरणीतील धार लावणारा मदतनीस नव्हता आणि एकाच यंत्रावर त्याला अनेक प्रकारची कामे करायची होती. रेषांच्या दिशेने फळी चिरण्यासाठी सुमारे 24 दातांचे, आडव्या कापासाठी 60 ते 80 दातांचे, दोन्ही कामांसाठी 40 ते 50 दातांचे, आणि खोबणी पाडण्यासाठी दोन बाह्य पाती, मधल्या चकत्या व पातळ अंतरपट्ट्या यांचा जोडसंच अशी पाती त्याच्याकडे साठू लागली. ती एकाच खिळ्यावर टांगली जात, एकमेकांवर घासत, आणि हवे ते पाते शोधताना बोटांनाही इजा होई.

खरे वळण दाताच्या धातूने आणले. बर्लिनच्या ओस्राम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी 1923 मध्ये टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टमध्ये बांधण्याची पद्धत विकसित केली आणि क्रुप कारखान्याने 1926 पासून विडिया या नावाने तो पदार्थ बाजारात आणला. पुढे या पदार्थाचे लहान तुकडे पोलादी पात्याच्या दातांवर जोडले जाऊ लागले, तेव्हा प्लायवुडमधील डिंकामुळे लवकर बोथट होणाऱ्या पोलादी दातांची अडचण सुटली. मात्र कार्बाइड जितके कठीण तितकेच ठिसूळ असते. असा दात पात्याच्या अंगापेक्षा जाड असल्यामुळे दोन पाती एकत्र ठेवली की दातच दातावर आपटतो आणि टवका उडतो. त्याला धार लावण्यासाठी हिऱ्याच्या चाकाची गरज असल्यामुळे घरच्या कानशीने तो दुरुस्त होत नाही. पूर्वी धोका गंजाचा आणि वाकण्याचा होता, आता त्यात धक्क्याची भर पडली.

खाचांचे कपाट हे या धोक्याला मिळालेले उत्तर आहे. प्लायवुडच्या दोन बाजूच्या फळ्यांवर समान अंतराने समोरासमोर खोबण्या पाडायच्या, प्रत्येक खोबणीत हार्डबोर्डचा पातळ पडदा बसवायचा आणि दोन पडद्यांमध्ये एकच पाते सरकवायचे, अशी त्याची साधी रचना असते. टेबल सॉच्या प्रचलित पात्याचा काप सुमारे 3.2 मिलिमीटर रुंद असल्यामुळे तेवढ्याच जाडीचा हार्डबोर्ड एका फेरीत पडलेल्या खोबणीत बसतो, म्हणजे यंत्र स्वतःच्या पात्यांची जागा स्वतःच तयार करते. पडद्यांच्या पुढच्या कडेला गोलाकार कापा ठेवल्यास पाते दातांना न धरता मधल्या भागाला धरून बाहेर काढता येते, आणि कडेवर दातांची संख्या, उपयोग व मधल्या छिद्राचा व्यास लिहिल्यास शोधाशोध टळते. छिद्राची नोंद गौण नाही, कारण अमेरिकी 10 इंची पात्याचे छिद्र पाच अष्टमांश इंच, तर युरोपीय 250 मिलिमीटर पात्याचे बहुधा 30 मिलिमीटर असते. जोडसंचातील चकत्या आणि अंतरपट्ट्या एकाच दांडीवर एकत्र ठेवणे योग्य, कारण एक पट्टी हरवली तरी खोबणीचे माप चुकते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात सुताराकडे पूर्ण आकाराची टेबल सॉ असतेच असे नाही. हातातले छोटे विजेचे कटर फळीखाली उलटे बसवून केलेले मेजही पुष्कळ ठिकाणी वापरले जाते आणि त्यावर 110 मिलिमीटरची, बाजारात टीसीटी नावाने ओळखली जाणारी कार्बाइड दातांची पाती चढवली जातात. पाते लहान असले तरी ठिसूळपणा तोच राहतो, आणि कोकण-गोव्याच्या पावसाळी दमटपणात पोलादी अंगाला गंजाचा जुना धोकाही कायम असतो. म्हणून सागाची वा पाइनची राळ पुसून, पातळ तेलाचा हात फिरवून आणि हवा खेळत्या कोरड्या कप्प्यात वेगवेगळी ठेवलेली पाती अधिक काळ टिकतात.

फिरत्या कारागिराच्या पेटीपासून खाचांच्या कपाटापर्यंतचा हा क्रम पाहता साठवणूक ही कारागिरीनंतरची आवराआवर नसून कारागिरीचाच भाग आहे, असा निष्कर्ष निघतो. ज्याला चांगले पाते विकत घेणे परवडते, त्याने त्याच दिवशी त्याची स्वतंत्र जागा तयार करावी. दोन तुकडे प्लायवुड आणि काही पडदे एवढाच तिचा खर्च आहे.