योग्य नेत्याची निवड : प्रारंभिक ख्रिस्ती मंडळीचा अनुभव (इ. स. २५० ते ५४६)

प्रस्तावना

समाजाने आपला नेता कसा निवडावा, हा प्रश्न सामान्यतः राज्यशास्त्राचा मानला जातो. धर्मसंस्थांच्या इतिहासाकडे या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. तथापि रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात, जेव्हा नागरी पदांवरील नेमणुका सम्राटाच्या व मूठभर श्रीमंत घराण्यांच्या हाती गेल्या होत्या, तेव्हा नगरातील सर्वसामान्य माणसाच्या मताला काही अर्थ उरला होता तो बिशपच्या निवडीत. त्यामुळे ‘चांगला नेता कसा ओळखावा’ या प्रश्नाचा ऊहापोह त्या काळातील ख्रिस्ती पत्रव्यवहारात, परिषदांच्या नियमांत आणि चरित्रग्रंथांत विपुल आढळतो.

या अनुभवाचा मागोवा घेताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. नेत्याच्या अंगी कोणते गुण असावेत, याविषयी ख्रिस्ती मंडळीत मतभेद जवळजवळ नव्हता. खरा प्रश्न होता तो हे गुण कोणी आणि कसे पडताळावेत, आणि निवड चुकली तर तिचे उत्तरदायित्व कोणाचे, हा. प्रस्तुत निबंधात तीन घटनांच्या आधारे याच प्रश्नाचा विचार केला आहे.

शास्त्रवचनांतील पाया

बायबलच्या जुन्या करारात नेतृत्वनिवडीचे एकच एक प्रतिमान नाही. ‘निर्गम’ या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपला जावई मोशे याला सल्ला देतो की, न्यायदानाचा भार एकट्याने वाहू नये; कर्तबगार, देवभीरू, सत्यनिष्ठ आणि लाचेचा तिटकारा असणारी माणसे नेमावीत. तेथे निवड मोशे करतो. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात हाच प्रसंग पुन्हा येतो. परंतु तेथे मोशे लोकांनाच सांगतो की, शहाणी आणि अनुभवी माणसे तुम्ही द्या, मी त्यांना नेमतो. वरून होणारी नेमणूक आणि खालून येणारी शिफारस हे दोन्ही प्रवाह अशा रीतीने मुळापासूनच एकत्र आहेत.

‘शास्ते’ या ग्रंथाच्या नवव्या अध्यायातील योथामाचे रूपक याहून बोचरे आहे. झाडे आपल्यासाठी राजा शोधू लागतात. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल आपापले उपयुक्त काम सोडण्यास नकार देतात. शेवटी काटेरी झुडूप राजपद पत्करते आणि सर्वांना आपल्या सावलीत येण्याचे आमंत्रण देते. ज्याच्याजवळ देण्यासारखी सावलीच नाही, त्याने सावलीचे आश्वासन द्यावे यातील उपरोध स्पष्ट आहे. पात्र माणसे मागे सरली की जागा रिकामी राहत नाही, ती अपात्र माणसे व्यापतात, असा बोध त्यातून निघतो.

नव्या करारात ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेममधील विधवांच्या अन्नवाटपावरून वाद उद्भवतो, तेव्हा प्रेषित संपूर्ण समुदायाला सात माणसे निवडण्यास सांगतात आणि त्यांच्यावर हात ठेवून त्यांची नियुक्ती करतात. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाच्या, म्हणजेच बिशपच्या, पात्रतेची यादी येते. तीत वक्तृत्व, कुल किंवा संपत्ती यांचा उल्लेख नाही. संयम, आतिथ्य, शिकवण्याचे कौशल्य, धनलोभाचा अभाव आणि स्वतःच्या घराची नीट व्यवस्था यांवर भर आहे. तो नवशिका नसावा आणि बाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे, अशीही अपेक्षा तेथे व्यक्त झाली आहे. हे गुण भाषणावरून कळत नाहीत; शेजारी राहिल्यानेच कळतात.

स्पेनमधील प्रकरण : निवडणाऱ्यांचे उत्तरदायित्व

या तत्त्वांची पहिली मोठी कसोटी तिसऱ्या शतकाच्या मध्यावर लागली. इ. स. २५० मध्ये सम्राट डेशियसच्या आज्ञेने साम्राज्यातील सर्वांना रोमन देवतांपुढे यज्ञ करून तसा दाखला घेणे भाग पडले. अनेक ख्रिस्ती तुरुंगात गेले, काही मारले गेले. काहींनी मात्र जीव वाचवण्यासाठी दाखले मिळवले. त्यांत स्पेनमधील बासिलिडीस आणि मार्शियालिस हे दोन बिशपही होते. त्यांच्या जागी साबिनस आणि फेलिक्स यांची निवड झाली. परंतु बासिलिडीसने रोमला जाऊन तेथील बिशप स्टीफन यांच्याकडून स्वतःच्या बाजूने निर्णय मिळवला. स्पेनमधील लेऑन-अस्तोर्गा आणि मेरिदा येथील मंडळ्यांनी तेव्हा उत्तर आफ्रिकेतील कार्थेजकडे दाद मागितली.

कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि त्यांचे सहकारी, एकूण ३७ बिशप, यांनी इ. स. २५४ च्या सुमारास परिषद भरवून दिलेले उत्तर उपलब्ध आहे. त्यात दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, योग्य माणसाला निवडण्याचा आणि अयोग्य माणसाला नाकारण्याचा अधिकार लोकांकडे आहे. म्हणून निवड लोकांच्या समक्षच झाली पाहिजे, कारण उमेदवाराचे आयुष्य आणि वर्तन जवळून पाहिलेले तेच असतात. दुसरा मुद्दा अधिक कठोर आहे. दोषी बिशपच्या हाताखाली राहणाऱ्या लोकांनी आपण निर्दोष आहोत अशी समजूत करून घेऊ नये. त्याला चालू देणे हाही त्याच्या दोषातील सहभाग आहे.

येथे रोमच्या बिशपला दोषी ठरवलेले नाही. तो दूर होता आणि त्याची दिशाभूल झाली, असे पत्र सुचवते. यातील युक्तिवाद ध्यानी घेण्याजोगा आहे. निर्णय घेणारा जितका दूर, तितकी त्याला मिळणारी माहिती उमेदवाराच्या स्वतःच्या तोंडची असण्याची शक्यता अधिक. अधिकाराने ज्येष्ठ असणे आणि माहितीने जवळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आफ्रिकेतील बिशपांनी ओळखले होते.

रोम, इ. स. ३६६ : पदाचे मोल वाढल्यावर

चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाला आणि परिस्थिती पालटली. इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेने बिशपच्या नियुक्तीसाठी प्रांतातील किमान तीन बिशपांची प्रत्यक्ष उपस्थिती, इतरांची लेखी संमती आणि मुख्य बिशपचे अनुमोदन आवश्यक ठरवले. स्थानिक साक्षीला समकक्षांच्या तपासणीची जोड देणारी ही व्यवस्था होती.

परंतु नियम असूनही अनर्थ टळला नाही. इ. स. ३६६ मध्ये रोमचे बिशप लिबेरियस यांच्या मृत्यूनंतर दामासस आणि उर्सिनस या दोघांच्या अनुयायांनी आपापल्या नेत्याची स्वतंत्रपणे निवड केली आणि शहरात रक्तपात झाला. अम्मिआनस मार्सेलिनस या ख्रिस्तेतर इतिहासकाराने एका चर्चमध्ये एकाच दिवशी १३७ प्रेते सापडल्याची नोंद केली आहे. नगराच्या प्रमुख अधिकाऱ्यालाही ही दंगल आवरता आली नाही आणि तो उपनगरात निघून गेला. या संघर्षाचे कारणही अम्मिआनस देतो : रोमच्या बिशपला मिळणाऱ्या देणग्या, वाहने आणि मेजवान्या पाहता या पदासाठी माणसे का झगडतात, याचे त्याला आश्चर्य वाटत नाही.

विजयी ठरलेले दामासस अकर्तृत्ववान नव्हते. लॅटिन शुभवर्तमानांच्या संस्करणाचे काम जेरोम यांनी त्यांच्याच प्रेरणेने हाती घेतले. तरीही नंतरच्या कर्तृत्वाने त्या १३७ मृत्यूंची भरपाई होत नाही. पदाबरोबर येणारे लाभ जितके मोठे, तितकी साक्षीची जागा गटबाजी घेते, हा या घटनेचा धडा आहे. लोक तेथेही होते. परंतु ते साक्षीदार न राहता सैनिक झाले होते.

मिलान, इ. स. ३७४ : एकमताचे बळ आणि त्यातील जोखीम

याच्या आठच वर्षांनी मिलानमध्ये तशाच दंगलीची चिन्हे दिसू लागली. एरियसच्या मताकडे झुकलेले बिशप ऑक्सेंटियस यांचे निधन झाले आणि नगर दोन तटांत विभागले गेले. शांतता राखण्यासाठी प्रांताचे राज्यपाल अँब्रोज चर्चमध्ये आले. त्यांचे चरित्रकार पॉलिनस सांगतात की, तेवढ्यात एका मुलाच्या आवाजात ‘अँब्रोज बिशप’ अशी हाक ऐकू आली आणि दोन्ही पक्षांनी ती उचलून धरली. मुलाच्या हाकेची कथा चरित्रपरंपरेतील असली, तरी दोन्ही पक्षांचे अनपेक्षित एकमत हे ऐतिहासिक सत्य आहे. अँब्रोज यांनी पद टाळण्याचा प्रयत्न केला. अखेर सम्राटाच्या संमतीनंतर त्यांनी ते स्वीकारले.

ही निवड पुढे अत्यंत यशस्वी ठरली. इ. स. ३९० मध्ये थेस्सलोनिका येथील हत्याकांडानंतर सम्राट थिओडोसियसला जाहीर प्रायश्चित्त घ्यावयास लावणारे ते हेच अँब्रोज. परंतु निवडीच्या वेळी त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. बाप्तिस्मा आणि बिशपपदाची दीक्षा हे सारे काही दिवसांत उरकण्यात आले. नवशिक्याला नेमू नये या तीमथ्याच्या पत्रातील सूचनेचा आणि नायसिया परिषदेच्या नियमाचा हा उघड भंग होता. लोकांनी त्यांचे धर्मज्ञान पारखले नव्हते. त्यांचा न्यायीपणा मात्र राज्यपाल या नात्याने अनुभवला होता. म्हणजे येथेही निवड पूर्णपणे आंधळी नव्हती. तरीही अपवाद यशस्वी झाला म्हणून त्याला नियम मानणे धोक्याचे ठरते.

बहुमत आणि विवेक

पाचव्या शतकात रोमच्या बिशपांनीच लोकसंमतीचे तत्त्व शब्दबद्ध केले. इ. स. ४२८ मध्ये सेलेस्टीन यांनी गॉलमधील बिशपांना कळवले की, लोकांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्यावर बिशप लादू नये. पुढे लिओ यांनी सर्वांचा प्रमुख होणाऱ्याची निवड सर्वांनी करावी, असा आशय मांडला.

परंतु सर्वांचेच मत भ्रष्ट असेल तर? या प्रश्नाला सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमाने उत्तर दिले. त्याच्या चौसष्टाव्या अध्यायानुसार मठाधिपतीची निवड संपूर्ण समुदायाने एकमताने करावी, किंवा अधिक सुज्ञ विचार असलेल्या लहान गटाने केली तरी चालेल. निकष ज्येष्ठतेचा नसून सदाचार आणि ज्ञानाचा असावा. सर्वांनी मिळून आपल्या दोषांना पाठीशी घालणारा माणूस निवडला, तर स्थानिक बिशपने, शेजारच्या मठाधिपतींनी किंवा ख्रिस्ती जनांनी ती निवड रोखावी. सुज्ञ कोण हे ठरवायचे कोणी, ही अडचण मात्र या नियमातून सुटत नाही. मध्ययुगात त्यावरून पुष्कळ वाद झाले.

या व्यवस्थेच्या मर्यादाही नजरेआड करता येत नाहीत. ‘लोक’ या शब्दात सर्वांना समान स्थान कधीच नव्हते. इ. स. ५४६ मध्ये सम्राट जस्टिनियनने कायदा करून तीन नावे सुचवण्याचा अधिकार धर्मसेवक व नगरातील प्रतिष्ठित यांच्यापुरता ठेवला. शेजाऱ्याची साक्ष तेथे जवळजवळ संपली.

महाराष्ट्राशी संबंध

हा प्रश्न आपल्याकडेही अपरिचित नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा संप्रदायांच्या एकीकरणातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आले. त्यात बिशपांची परंपरा मानणारे, वडीलमंडळाला प्राधान्य देणारे आणि स्थानिक मंडळीला सर्वाधिकार देणारे असे तिन्ही प्रवाह होते. समकक्षांची तपासणी, अनुभवी जनांचा विचार आणि लोकांची साक्ष यांचा मेळ घालण्याचे जे काम प्रारंभिक शतकांत अपुरे राहिले, तेच या एकीकरणापुढे नव्याने उभे राहिले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ख्रिस्ती परंपरेत नेत्याची सुज्ञ निवड ही केवळ गुणांची यादी तपासण्याची क्रिया नव्हती. जवळून पाहिलेल्यांची साक्ष, समकक्षांची तपासणी आणि सर्वांची संमती या तीन अंगांपैकी एक जरी गळाले तरी तोल बिघडतो. बासिलिडीसला दूरच्या निर्णयकर्त्याने तारले, रोममध्ये संमतीची जागा बळाने घेतली, मिलानमध्ये तपासणी वगळूनही निभावले. या साऱ्यांतून सर्वांत टिकाऊ ठरतो तो स्पेनमधील मंडळ्यांना मिळालेला इशारा : निवडण्याचा अधिकार घेतला की निवडीचा दोषही आपलाच होतो. शिक्षणसंस्था, सहकारी संस्था किंवा विधिमंडळे, कोणत्याही क्षेत्रात मत देणाऱ्याला हे उत्तरदायित्व दुसऱ्यावर ढकलता येत नाही.